सर्पदंशाची मोजणी नीट करा : सोलापूर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्याच्या आरोग्य, महसूल, पोलीस आणि पंचायत विभागांचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली सापाची लस काढून मोठ्या दवाखान्यात हलवली. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं की मागच्या वर्षी इथे वापर झाला नाही, मुदत संपून वाया जाण्यापेक्षा तिकडे कामी येईल. कागद बघितला तर हे खरंच आहे. साठा नोंदवहीतला ‘खर्च’ रकाना वर्षभर कोराच होता. पण तो कोरा का राहिला, हे कुणी विचारलं नाही. रात्री तिथे डॉक्टर भेटतील याची खात्री नाही, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. त्यामुळे साप चावलेल्या माणसाला कुणी तिथे नेतच नाही, जीप करून थेट मोहोळ, पंढरपूर नाहीतर सोलापूर गाठतात. कुणी नेलंच तर धनुर्वाताचं इंजेक्शन टोचून पुढे पाठवतात. म्हणजे वापर नाही म्हणून लस काढली, आणि आता लस नाही म्हणून उद्याही कुणी येणार नाही. पुढच्या वर्षी तोच कोरा रकाना पुरावा म्हणून पुढे येईल.

हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे. लस, डॉक्टर, रुग्णवाहिका या सगळ्या मागण्या खऱ्या आहेतच आणि त्या करणारे पुष्कळ जण आहेत. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. या जिल्ह्यात सर्पदंश किती होतात, कुठे होतात, किती वाजता होतात, त्यातले किती जीव जातात, हे आज आपल्यापैकी कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि जे मोजलं जात नाही त्याला ना निधी मिळतो, ना लस, ना माणूस.

मी ग्रामीण आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. मागणीपत्रकं, साठा नोंदवह्या, मासिक अहवाल, यांतच नोकरी सरली. आता सीनेच्या काठाला वडिलोपार्जित शेती बघतो. माझ्या धाकट्या भावाची बायको सर्पदंशाने गेली. तिन्हीसांजेला म्हशींसाठी कडवळ कापताना पेंढीखालच्या घोणसाने हाताला दंश केला. तिच्यामागे जे कागद तयार झाले ते सगळे माझ्याकडे आहेत. आयुष्यभर कागदांत वावरलेल्या माणसाने ते पुन्हा पुन्हा वाचले, आणि त्यातून जे दिसलं ते सगळ्यांसमोर मांडावंसं वाटलं.

पहिला कागद ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथला. लशीच्या काही व्हायल दिल्या आणि केसपेपरवर शेवटची ओळ, ‘पुढील उपचारासाठी रेफर’. त्या दवाखान्याच्या महिन्याच्या अहवालात ती ‘सर्पदंश, उपचार केलेले’ या आकड्यात गेली. मृत्यूच्या रकान्यात गेली नाही, कारण तिथून ती जिवंत बाहेर पडली होती.

दुसरा कागद शहरातल्या रुग्णालयाचा. घोणसाचं विष रक्त गोठू देत नाही आणि मूत्रपिंडावर घाव घालतं. तिची लघवी बंद झाली, डायलिसिस केलं, पुढे जंतुसंसर्ग झाला आणि ती गेली. मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहायचा जो नमुना ४ असतो, त्यात ओळी अशा असतात की वर तात्काळ कारण लिहायचं आणि खाली खाली येत मूळ कारण लिहायचं. वरच्या ओळीत ‘सेप्टिसीमिया’, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, आहे, खालच्या ओळीत ‘मूत्रपिंड निकामी’. त्याच्या खालची ओळ मोकळी आहे. साप तिथे यायला हवा होता.

तिसरा कागद शवविच्छेदनाचा. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखून ठेवला, मृत्यूच्या कारणाबाबतचं मत राखीव.

चौथा पोलिसांचा. अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा. या सगळ्या भेंडोळ्यात ‘सर्पदंश’ हा शब्द मृत्यूशी जोडलेला आहे तो फक्त इथे. आणि आरोग्य खात्याचा आकडा पोलीस ठाण्याच्या दप्तरातून निघत नाही.

आता मृत्यूची नोंदणी बघा. कायद्याने मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा असतो. ती शहरात गेली, म्हणून नोंद शहरात झाली. आमच्या ग्रामपंचायतीचं मृत्यूचं रजिस्टर उघडलं तर त्यात ती नाही. तालुक्यातल्या कुठल्याही गावचं रजिस्टर घ्या. जी माणसं शेतात साप चावून शहरात मेली, ती गावाच्या रजिस्टरात नसतात आणि शहराच्या रजिस्टरात ती सापामुळे मेलेली नसतात. गावाला वाटतं शहराने मोजलं असेल, शहराला वाटतं ते गावाचं प्रकरण आहे.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यात सर्पदंश बसतो. भावाने प्रस्ताव दिला. एका कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसाने कागद चाळले आणि विचारलं, “ह्यात साप कुठं लिहिलाय? मत राखीव म्हंजे आम्ही काय समजायचं?” त्याचा दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या चार कागदांपैकी तिघांत मरणाचं कारण म्हणून साप खरोखरच नव्हता. भाऊ हातातली टोपी चुरगाळत उभा राहिला. बायकोच्या हातावरचे दोन दात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि आता ते कुणालातरी पटवून द्यायची पाळी त्याच्यावर आली होती.

आपण म्हणाल, हे एका घराचं झालं. तर देशाचं बघा. घरोघरी जाऊन मृत्यूची हकिकत विचारून केलेल्या मोठ्या अभ्यासातून २०२० साली असा अंदाज पुढे आला की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. म्हणजे सरासरी वर्षाला ५८,०००. आणि सरकारी रुग्णालयांनी २००३ ते २०१५ या अख्ख्या काळात नोंदवलेले मृत्यू होते जेमतेम १५,५००. बहुसंख्य माणसं दवाखान्याबाहेरच मरतात हा एक भाग झाला. पण जी दवाखान्यात मेली त्यांच्यातलीही बहुतेक सरकारी आकड्यात आली नाहीत, असं तोच अभ्यास सांगतो. मेलेल्यांत निम्मे ३० ते ६९ या वयातले, म्हणजे घर चालवणारे, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची पोरं. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली विषारी सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, कुष्ठरोग आणि हत्तीरोगाच्या पंगतीला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना लिहिलं की सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू कळवणं बंधनकारक करा, सरकारी असो की खासगी. शेजारच्या कर्नाटकाने तर त्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, हे केलं होतं. अक्कलकोटहून आळंद आणि मंगळवेढ्याहून इंडी किती लांब आहे, हे आपल्याला सांगायला नको. शिवेपलीकडच्या माणसाला साप चावला तर तो कळवायचा आजार ठरतो. आपल्या रानातली नोंद त्याच्यापेक्षा ढिली का असावी?

मृत्यू निम्मे करायचे तर आधी किती होते ते माहीत हवं. कशाच्या निम्मे करणार आहोत?

आता माझ्या तक्रारी. त्या कुणा एका माणसाविरुद्ध नाहीत.

सगळ्यात मोठी तक्रार ‘सर्पदंश’ या एका रकान्याची आहे. साथरोग सर्वेक्षणाच्या ‘पी’ फॉर्ममध्ये सर्पदंशाची ओळ आहे. डॉक्टरने संख्या टाकायची आणि पुढे पाठवायची. धामण चावून घाबरून आलेला माणूस, दिवड चावलेलं पोर, नाग चावून पापण्या मिटलेली बाई आणि घोणस चावून हिरड्यांतून रक्त येणारा गडी, हे सगळे त्या एका संख्येत सारखेच. बिनविषारी दंश पुष्कळ असतात, त्यामुळे एकूण संख्या मोठी आणि मृत्यू नगण्य दिसतात. मग आढाव्यात ‘सर्पदंशाचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण चांगले’ असं वाक्य येतं. हे वाक्य बिनविषारी सापांच्या जिवावर उभं आहे. त्यात भर म्हणजे ‘अज्ञात दंश’. रात्री अंधारात काहीतरी चावलं, साप दिसला नाही, की केसपेपरवर हेच दोन शब्द पडतात आणि रुग्ण सर्पदंशाच्या ओळीत येतच नाही. मण्यारीचा घात तर असाच होतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पोटदुखी म्हणून आलेला आणि श्वास बंद पडून गेलेला हा माणूस कुठल्या रकान्यात जातो ते आपणच सांगा.

खरं तर विष भिनलंय की नाही हे बघायला मोठी यंत्रं लागत नाहीत. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, शिरेतलं दोनेक मिली रक्त तिच्यात सोडायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग हलकेच आडवी करून बघायची. रक्ताची गुठळी झाली नसेल, पातळच वाहत असेल, तर घोणस किंवा फुरशाचं विष समजायचं आणि लस सुरू करायची. नळी प्लॅस्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही चालत नाही. मी काम केलं त्या केंद्रांत ही नळी होती, ही तपासणी केलीही जायची. पण तिचा निकाल पुढे पाठवायच्या कुठल्याही फॉर्ममध्ये नव्हता. ‘गुठळी झाली’ की ‘नाही झाली’, एवढं एक उत्तर जिल्ह्याभरातून गोळा केलं तरी कोणत्या तालुक्यात घोणस जास्त आहे हे वर्षभरात कळेल.

दुसरी तक्रार, एकच माणूस दोनदा मोजला जातो आणि दुसरा एकदाही नाही. आधी केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात, मग शहरात असा जो जगून फिरला, तो तिन्ही अहवालांत येतो. जो जीपमध्ये मोहोळच्या अलीकडे गेला तो कुणाचाच नाही. मृतावस्थेत आणलेल्याची नोंद असते, पण ती पोलिसांना कळवण्यापुरती.

खासगी दवाखान्यांचं तर विचारूच नका. बार्शी, अकलूज, पंढरपूर, सोलापूर इथल्या खासगी अतिदक्षता विभागांत सर्पदंशाचे किती रुग्ण जातात हे कुठल्याही गावात चार माणसांना विचारलं तरी कळतं. पैसा जमवता येतो तो तिकडेच जातो, जमीन गहाण टाकूनही. ते आकड्यात येत नाहीत. क्षयरोगाचं उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१२ मध्ये तो कळवायचा आजार ठरला, ‘निक्षय’ ही क्षयरुग्णांची ऑनलाइन नोंद आली, पुढे खासगी डॉक्टरला प्रत्येक नोंदीसाठी ५०० रुपये ठेवले, आणि नोंदी वाढल्या. म्हणजे खासगी डॉक्टर कळवत नाहीत ही काही त्यांची जन्मजात खोड नाही. कळवायची सोपी वाट आणि थोडा मोबदला दिला की ते कळवतात.

ऊसतोडणीला आलेली माणसं. दिवाळी झाली की जिल्ह्यातले कारखाने पेटतात आणि बीडकडून, आणखी कुठून कुठून टोळ्या येतात. उसाच्या पाचटाच्या कोप्या करून फडाच्या कडेला, जमिनीवर झोपतात, पहाटेच्या काळोखात फडात शिरतात. पाचटात उंदीर आणि उंदरामागे साप. यांच्यापैकी कुणाला साप चावला तर मुकादम जवळच्या दवाखान्यात नेतो, बरं वाटलं की टोळी पुढच्या फडावर जाते. पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा, सातबारा नाही, पाठपुरावा करायला गावचं कुणी नाही. या जिल्ह्याच्या ऊसातली जोखीम आणि दुसऱ्या जिल्ह्याचं माणूस, त्यामुळे दोन्हीकडच्या नोंदीत ते नाही. याच्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

आणि जे जगले त्यांचं काय, याची तर नोंदवहीच नाही. बोट कापलेला, पायाचं मांस झडलेला, मूत्रपिंडाचं दुखणं घेऊन घरी आलेला माणूस ‘बरा होऊन घरी’ या रकान्यात जातो आणि संपतो.

हे सगळं मोजून करायचं काय, असं विचारणारे भेटतात. म्हणून सांगतो. साप चावला ती वेळ आणि ते ठिकाण नीट लिहिलं गेलं तर आपल्या हातात एक नकाशा येईल. शेतीपंपाची वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी तोंडात धरून दारं मोडणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा माणूस सापाला तुडवतो, हे आम्हाला कळायला अभ्यास लागत नाही. पण वीज कंपनीला सांगायला लागतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं काम फिडरवार, म्हणजे वीजवाहिनीनुसार, चाललंय. कोणत्या फिडरखालच्या गावांत रात्री सर्वाधिक दंश झाले हे आपण दाखवलंत, तर ते फिडर आधी घ्या असं म्हणता येईल. मण्यारीचे दंश ज्या गावांत जास्त, तिथे मच्छरदाणी आणि खाट. घोणसाचे जास्त, तिथे गमबूट आणि जवळच्या केंद्रात लस. डायलिसिसची सोय कुठे वाढवायची हेही त्याच नकाशावरून. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्र चालणारी असते, आणि तिच्यासाठीचं विष बरंचसं तमिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या सापपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येतं. भागाभागातल्या एकाच जातीच्या सापाच्या विषात फरक असतो. सोलापूरच्या घोणसाला ती लस किती व्हायलींत लागू पडते, हे इथल्या नोंदींशिवाय कुठल्याच प्रयोगशाळेला कळणार नाही.

जमणार नाही, माणसं नाहीत, असं कृपा करून म्हणू नका. आषाढीला हाच जिल्हा लाखो वारकऱ्यांना सांभाळतो. नातेपुत्यापासून वाखरीपर्यंत पालखीतळावर आरोग्य पथकं उभी राहतात, किती जणांवर उपचार झाले हा आकडा वर जातो. कोविडमध्ये तालुकावार आकडा रोज संध्याकाळी जाहीर होत होता. एखादी बाळंतीण दगावली तर माता मृत्यू अन्वेषण होतं. घरी जाऊन विचारलं जातं, उशीर कुठे झाला, गाडी केव्हा आली, कुणी परत पाठवलं. एप्रिल २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंच सुरू आहे, त्यात गावनिहाय नोंदीची सोय आहे. हत्यार घरात आहे. ते सर्पदंशासाठी धारेला लावायचं राहिलंय.

म्हणून मागण्या. यातल्या बहुतेकांना मुंबईची वाट बघायची गरज नाही, जिल्ह्यात ठरवलं तर होतील.

एक. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्याने सर्पदंशाचा, संशयित दंशाचा आणि ‘अज्ञात दंशा’चाही रुग्ण २४ तासांत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावा. रुग्ण पहिल्यांदा जिथे जाईल तिथेच त्याला एक क्रमांक द्यावा आणि तो केसपेपर, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद), शवविच्छेदन अहवाल, नमुना ४ आणि पोलिसांचा पंचनामा, सगळीकडे चालावा. एवढ्या एका गोष्टीने दोनदा मोजणं आणि अजिबात न मोजणं, दोन्ही थांबेल.

दोन. फॉर्म लांबलचक करू नका. दंश कुठल्या गावच्या शिवारात झाला (रुग्णाचा पत्ता वेगळा), किती वाजता, काय करताना, काचेच्या नळीतली गुठळी झाली की नाही, पापण्या जड होत्या का, लस किती वाजता सुरू केली आणि किती व्हायल लागल्या, शेवट काय झाला. बास. साप ओळखायच्या भरीला पडू नका. साप मारून आणायला लोक पुन्हा अंधारात जातात आणि दुसरा दंश घेऊन येतात.

तीन. नमुना ४ भरणाऱ्या डॉक्टरांना लेखी सूचना द्यावी की मूत्रपिंड निकामी होणं हे सर्पदंशाच्या रुग्णात मूळ कारण नाही, शेवटच्या ओळीत सर्पदंश लिहायचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र नातेवाइकाला मिळायला हवं. ते मागावं लागू नये.

चार. प्रत्येक सर्पदंश मृत्यूचं माता मृत्यूसारखं अन्वेषण व्हावं, दर तिमाहीला. पोलीस ठाण्यांतल्या अकस्मात मृत्यूंच्या नोंदी, नगरपालिका-महापालिकांच्या मृत्यू नोंदी आणि शेतकरी अपघात योजनेचे प्रस्ताव, हे तीन गठ्ठे त्या बैठकीत एका टेबलावर यावेत. माझी खात्री आहे की पहिल्याच बैठकीत आरोग्य खात्याचा आकडा बदलेल. मागच्या पाच वर्षांचंही असंच करावं. ते जुने कागद अजून दप्तरांत आहेत.

पाच. लस ‘मागच्या वर्षीच्या खर्चा’वर वाटणं बंद करा. ज्या केंद्राच्या परिसरात दंश होतात तिथे ती असलीच पाहिजे, रात्री ती टोचणारा डॉक्टरही असला पाहिजे. मुदत जवळ आलेली लस फिरवावी, केंद्र रिकामं करू नये. साठा नोंदवहीत प्रत्येक व्हायलसमोर रुग्णाचा क्रमांक यावा.

सहा. कुष्ठरोग आणि क्षयरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघर जातातच. तिथे एकच प्रश्न वाढवावा, ‘गेल्या वर्षात या घरात कुणाला साप चावला का, आणि पुढे काय झालं?’ पण त्याचा मोबदला आधी ठरवा. त्यांच्या डोक्यावर फुकटचं ओझं आधीच पुष्कळ आहे. गाळप हंगामात हाच प्रश्न कोप्यांवर जाऊन विचारला जावा आणि कारखान्यांनी टोळ्यांच्या याद्या द्याव्यात.

सात. शिवेपलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या रुग्णांसाठी विजयपूर, कलबुर्गी आणि धाराशिवच्या आरोग्य यंत्रणांशी नोंदींची देवाणघेवाण सुरू करावी.

आठ. दर महिन्याला तालुकानिहाय आकडे जाहीर करावेत. दंश, विष भिनलेले, पुढे पाठवलेले, मृत्यू आणि त्या दिवशी कोणत्या केंद्रात किती लस शिल्लक. कुणाचं नाव नको, गाव छोटं असेल तर गावाचंही नको. आकडा वाढला म्हणून कुणा वैद्यकीय अधिकाऱ्याला नोटीस काढू नका. पहिल्या वर्षी आकडा वाढणारच आहे, कारण लपलेलं वर येईल. वाढलेला आकडा दिसला की खालच्या माणसाला झापलं जातं, हे मी नोकरीत पाहिलंय, आणि झापलेला माणूस पुढच्या महिन्यात शून्य लिहून पाठवतो.

कारखाने पेटायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या आधी, चारही विभागांची एकत्र बैठक घ्यावी आणि यातलं काय करणार, काय करणार नाही आणि का, हे जाहीर सांगावं. मला व्यक्तिशः उत्तर नको. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दर्शनी फलकावर लावा, गावकरी वाचतील. नोंदवह्या लावायला, जुने गठ्ठे सोडवायला, नव्या मुलांना साठ्याचा हिशोब शिकवायला माणूस कमी पडला तर मला बोलवा. मी विनामोबदला येईन.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
तालुका मोहोळ, जिल्हा सोलापूर